गावात पहिली एसटी आली तेव्हा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नालवाडीहून रविवारी माझ्या माहेरी जाऊ लागले. बसने जामच्या फाट्यावर उतरायचं, तिथून ऑटो. गावातल्या तरुण मंडळींनी ठरवलं होतं की म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, आणि मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसायचं काम माझ्याकडे आलं. मला ते फार आवडलं. जन्मभर मुलांना गप्प बसवलं होतं. आता लोकांना बोलतं करायचं होतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पहिल्या एसटीवरून. गाडी सकाळी आली, नारळ फुटला, हार घातले, इथवर सगळ्यांचं एकमत. पण लगेच परत फिरायला हवी होती ती गाडी गेली थेट दिवेलागणीला. का? एक आजोबा म्हणाले, नाल्यातल्या गाळात चाक रुतलं. दुसरे म्हणाले, डिझेल संपलं. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तेव्हा गावात नवी सून होती. ती म्हणाली, "काई नाई व, ड्रायवर झोपलता." तिचं कोणी मनावर घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

मग संक्रांतीत नालवाडीतच आमच्या मागच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेले, तर त्या घरचे सासरे एसटीतले जुने ड्रायव्हर निघाले. माझ्या गावाचं नाव ऐकताच म्हणाले, "तिथं पह्यली गाडी म्याच नेलती, बाई."

मी वाण हातात धरून तिथेच बसले. "काकाजी, मग ती गाडी दिवसभर काऊन थांबली होती?"

"रेडिएटर गरम झालतं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी त्यांना गावी घेऊन गेले. मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या अंथरल्या होत्या. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी रेडिएटरची हकीकत अगदी रंगवून सांगितली: वाफ कशी निघाली, पाणी कुठून आणलं. लोक माना डोलवत होते. मोठी आई पुढेच बसली होती.

"तुमी आमच्या घरी पुरनाच्या पोळ्या खाल्ल्या जी," ती शांतपणे म्हणाली. "मंग पाटलाच्या घरच्यांनं बी सोडलं नाई. मंग तुमी कडूनिंबाखाली आडवे झाले. उशाले पोतं म्याच आनून देल्लं."

काकाजींनी वळून देवळाशेजारच्या त्या कडूनिंबाकडे पाहिलं.

"पोतं होतं खरं," ते हळूच म्हणाले. "डेपोत रेडिएटर सांगितलं म्या. साह्यबाले सांगितलं, घरी सांगितलं, पोराइले सांगितलं. सांगता सांगता मलेच खरं वाटून राह्यलं."

आणि ते हसायला लागले. मग सगळेच हसले. डिझेलवाले आजोबा डोळे पुसत हसत होते. गाळवाल्या आजोबांनी मात्र "गाळ तर होताच" असं बजावलं.

त्यानंतर जो तो बोलू लागला. जागा जाईल म्हणून लोक दिवसभर गाडीतून उतरलेच नव्हते. बाया त्यांना खिडकीतून पाणी देत होत्या. कोणी तरी हॉर्न दाबत होतं, तरी ड्रायव्हर उठेना. काकाजी आपलीच गोष्ट कान टवकारून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, "मंग म्या काय केलं?"

रेकॉर्डिंगच्या त्या भागात एकाचंही बोलणं धड ऐकू येत नाही. तरुण मंडळी म्हणाली, कापून टाकू. मी म्हटलं, राहू द्या.

आता काकाजी पुष्कळदा माझ्यासोबत येतात. मोबाइल तेच धरतात. समोरचा बोलत असताना आपण बोलायचं नसतं, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. ते ऐकत नाहीत.