न पारखलेलं स्थळ

कुन्सान या समुद्रकाठच्या शहरात बसस्थानकासमोर बर्गरचं एक दुकान आहे. तिथं जिन्याखालच्या कोपऱ्यात बसून मालसुन मावशी आपला कोळंबीचा बर्गर असा खात असे, की तो संपूच नये. बाजारात शिंपले विकून संध्याकाळी मोकळी झाली की ती इथं येई. खाणं हे निमित्त. बसायचं ते माणसं बघायला.

शिंपले पोटासाठी होते. तिचा जीव रमे तो लग्नं जमवण्यात. फोटोवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "फोटोत काय, सगळेच गुणाचे दिसतात," ती म्हणे. म्हणून मुलाला ती या दुकानात बोलावी, मुलीला मागाहून यायला सांगे आणि मधल्या वेळात कोपऱ्यातून त्याला न्याहाळी. वाट बघताना तो कसा बसतो, खाणं मागवायच्या यंत्रासमोर गोंधळलेल्या म्हातारीला बोट दाखवून मदत करतो की मागून उसासे टाकतो, हे ती बघे. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटलं, की माणूस आतून जसा असतो तसा बाहेर येतो. तिनं जमवलेले संसार टिकले होते, आणि ते ती कुणालाही ताठ मानेनं सांगे.

त्या शनिवारी मात्र बर्गर तिच्या हातात तसाच राहिला होता. आज मिओकचं स्थळ होतं. मिओक तिच्या भिंतीपलीकडे राहणारी, खायच्या समुद्री शेवाळाच्या पापड्यांच्या कारखान्यात राबणारी, चाळिशीला टेकलेली. याआधी दोन मुलं तिला बघून, कॉफी अर्धी टाकून उठून गेली होती. तिनं बजावलं होतं, "मावशी, हे शेवटचं. नाही जमलं तर मी बुसानला दादाकडे जाते, त्याची पोरं सांभाळते. पुन्हा लग्नाचं नाव काढायचं नाही."

मुलाचं नाव ताएग्यू. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. "काळा लांब कोट, चष्मा, मध्यम उंची," त्याच्या आत्यानं फोनवर सांगितलं होतं. बाहेर समुद्रावरचं वारं हाडांत शिरत होतं आणि आत बघावं तर अर्धं दुकान काळ्या लांब कोटात. पण खिडकीशी, एकटा, चष्मा लावलेला असा एकच होता. मावशीनं त्याच्यावर नजर रोवली.

तो पाय फाकवून बसला होता. तोंडात घास ठेवून फोनवर कुणाशी तरी खेकसत होता. मग काउंटरवरच्या पोरीला ओरडला, "ए, सॉस एवढाच? भीक घालतेस का?"

तोंडावर हात धरून मावशीनं मिओकला फोन लावला.

"कुठं आहेस ग? येऊ नकोस. तशीच मागं फिर. माणूस कसला, नुसता आडमुठा आहे!"

"कोण?" मिओकचा आवाज दबका होता.

"कोण म्हणजे? तुझा तो! खिडकीशी बसून सॉससाठी भांडतोय."

पलीकडून खुदकन हसू आलं. "मावशी, ताएग्यू माझ्यासमोर बसलेत. जिन्याच्या पलीकडे, खांबाआड. आम्ही तू यायच्या आधीच आलोय."

"तुला मागाहून ये म्हटलं होतं ना!"

"बस लवकर मिळाली. तुझी पारख होईपर्यंत थंडीत कुडकुडत उभी राहू का?"

मावशीनं मान वाकडी करून बघितलं. खांबाआडून मिओकचा हात दिसला, समोर एका काळ्या कोटाची बाही. बस, एवढंच.

"बरा आहे का ग?"

"ते तर तू सांगायचं असतं."

"मी बघितलाच नाही त्याला!"

तेवढ्यात फोनमध्ये पुरुषाचा आवाज आला, शांत, थोडा लाजलेला. "मावशींना सांगा, मला इथं सगळं ऐकू येतंय. आणि मला सॉस पुरला."

मिओक मोठ्यानं हसली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मावशीनं तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

मावशी उठली. चार पावलं टाकली असती, कागदी रुमाल घ्यायचं निमित्त केलं असतं, तर तो समोर दिसला असता. आणि एकदा दिसला की तिला काही तरी खोट सापडलीच असती. कुणात सापडत नाही? ती बोलून गेली असती. आणि मिओकनं ऐकलंही असतं. ती नेहमीच ऐकायची.

मावशी पुन्हा खाली बसली. "मिओक, हे बघ," ती फोनमध्ये म्हणाली, "या वेळी मी काही सांगणार नाही. तूच बघ."

"बघतेय," मिओक म्हणाली. मग हळूच, "मावशी, तू घरी जा. मला उशीर होईल."

मालसुन मावशीला आजवर कुठल्या मुलीनं असं घालवून दिलं नव्हतं. तिनं उरलेला बर्गर कागदात गुंडाळला, मफलर कानांवरून घेतला आणि खांबाजवळून जावं लागू नये म्हणून मागच्या दारानं बाहेर पडली.

बसथांब्यावर भाजलेली रताळी विकणारा म्हातारा तिच्या ओळखीचा होता. "काय मालसुन, आज कसं काय होतं स्थळ?"

"मला काय माहीत!" ती म्हणाली.

"अन् मग एवढी हसतेस कशाला?"

"दोन रताळी दे," मावशी म्हणाली, "गरम बघून. आज मी भुकेलीच राहिलेय."