आमच्या वकीलबाई

फजिती माझीच आहे, त्यामुळे हसलात तरी चालेल. फक्त आमच्या साडूंपर्यंत जाऊ देऊ नका. म्हणजे त्यांना माहीत आहेच, पण पुन्हा नको.

साडू म्हणजे शिरीषराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार कोथरूड. त्यांनी एका बिल्डरला नोटीस पाठवून फ्लॅटचा ताबा मिळवला आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात 'आमचे वकील' आले. बारसं असो की मुंज, 'आमचे वकील म्हणतात...' सुरू झालं की सासूबाई वाढता वाढता थांबून ऐकणार. पोळी माझ्या पानात पडायची राहणार. जळफळाट होणार नाही तर काय होईल?

तशात हडपसरला आमच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. वरचे चौधरी दाद देईनात. बायको म्हणाली, "अहो, भावोजींच्या वकिलांना विचारा की."

त्या क्षणी ठरवलं, वकील करायचा, पण शिरीषरावांच्यापेक्षा मोठा.

आता मोठा वकील ओळखायचा कसा? मी गर्दीवरून ओळखला. शिवाजीनगरला कोर्टाजवळ एका वकीलबाईंच्या ऑफिसबाहेर थेट जिन्यापर्यंत माणसं बसली होती. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "कशा आहेत बाई?"

"सोडवतात," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.

मला एवढं पुरलं. पाटीसमोर उभं राहून माझा फोटो काढला, सासरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजपासून आमच्याही वकीलबाई.' फोन आवाज बंद करून खिशात ठेवला.

एका फॉर्मवर बायकोचं नाव, लग्नाची तारीख, मुलं किती, सगळं विचारलं होतं. केवढा सखोल अभ्यास! शिरीषरावांच्या वकिलानं एवढं विचारलं असेल का?

बाई शांत होत्या. "त्रास कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली."

"समजावून पाहिलंत?"

"पुष्कळदा. उलट माझ्याच तोंडावर दार आपटलं."

"मध्ये तिसरं कोणी आहे का?"

"आहे ना. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचीच फूस आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिसेसना माहीत आहे, तुम्ही इथे आलाय ते?"

"तिचीच तर रोज भुणभुण असते, एकदाचं वकिलाकडे जा म्हणून."

"मग सोपं आहे. दोघांची संमती असली की लवकर मोकळे व्हाल. पुढच्या वेळी जोडीनं या."

बाहेर येऊन फोन पाहिला तर सासरचे एकूण एक जण फोन करून दमले होते. बायकोचा एकच मेसेज होता. 'घरी या.'

घरी सासूबाई, मेहुणी, शिरीषराव, सगळे गंभीर चेहऱ्यानं बसलेले. बायकोनं फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. माझ्या खांद्यामागे पाटी स्वच्छ दिसत होती: घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा.

"जावईबापू, आमचं काही चुकलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो, मी छताच्या गळतीसाठी गेलो होतो."

मग बायको हसायला लागली, ती थांबेचना. मला हायसं वाटलं. तेवढ्यात शिरीषराव म्हणाले, "गळतीचं म्हणाल तर, तुमची वाट बघता बघता मी वर जाऊन आलो. चौधरी सज्जन आहेत. उद्या प्लंबर येतोय."

सासूबाईंनी त्यांच्याकडे काय कौतुकानं पाहिलं म्हणून सांगू! घटस्फोटाच्या संशयापेक्षा मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गळतीला दिवाणी वकील लागतो, सोसायटीची कामं बघणारा," त्या म्हणाल्या. "तुमची फाईल मी बंद करते. पण माझा नंबर मिसेसना देऊन ठेवा. तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे त्यांना कधीतरी लागेल."