कासरा तिच्या हातात

बायको जाऊन वर्ष होत आलं. भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो न्हाई. रेशनकार्डावर आहे, त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी दिसती. जालन्याला शिकणारी नात सुट्टीला आल्ती. ती म्हणली, "आबा, लिहिलं की मोबाईल चित्र काढतो. आजी कशी होती ते सांगा."

"लिही, पेरणी चालू आहे. शेतकरी अन् त्याची बायको."

चित्र आलं. मिशीवाला गडी तिफण हाकून राह्यला, मागं बाई, डोक्यावर भाकरीचं टोपलं.

"उलटं काढलं की गं यानं!"

रीत तशीच आहे. गडी तिफण हाकतो, बाई मागून तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडती. पण आमचा एक बैल मारका होता. मला शिंगावर घ्यायचा, तिच्या नुसत्या हाळीला गरीब व्हायचा. मंग कासरा तिनं घेतला, चाड्यावर मी गेलो. तो बैल मेला, दुसरे आले, आमच्या जागा त्याच राहिल्या. वाटूरच्या रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे.

"काय पाव्हणं, लुगडं कधी नेसणार?"

मला सुचायच्या आधी ती ओरडायची, "त्यांची मूठ बराबर पडती! तुमचं रान बघा जाऊन, टक्कल पडल्यावानी उगवलंय!"

तिच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत मी चालायचो. तिचं पाऊल उमटायचं, त्यावरच माझं पडायचं. आता वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलंय, पेरणी ट्रॅक्टर करतो.

नातीनं पुन्हा लिहिलं, बाई तिफण हाकते. बाई आली, पण गोरीपान, नथ घातलेली.

"ही लग्नाला चाललीय का पेरायला?"

नात हसली. "मी फक्त बाई लिहिलं, आबा. नथ त्यानंच घातली."

"मंग सगळं लिही. काळी. उंच. पदर खोचलेला, पाय उघडे. बैलावर ओरडताना."

या वेळी तोंड तिचं न्हवतंच. पण ताणलेला कासरा, कमरेवरचा हात, ती बिलकुल तीच. मला बघवेना, अन् नजरही काढवेना.

मागं चाड्यावर मात्र कुणीच न्हवतं.

"आबा, तुम्हाला टाकू? आजीच्या शेजारी, जोडीनं?"

"शेजारी नको. मागं टाक," मी म्हणलो. "मूठ भरून."