निळी बांगडी

खामगावात कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकासमोर बांगड्या भरायला बसणारा तो मणियार गिऱ्हाइकालाच झापायचा. भरताना बांगडी तडकली आणि मी "फुटली" म्हटलं, की माझा हातच सोडून द्यायचा. "असं अभद्र नोको बोलू बाई, वाढली म्हन." त्यानं लग्न केलं नव्हतं. डोक्यावरच्या खिळ्याला मात्र एक निळी बांगडी कायम टांगलेली असे. मागितली की म्हणायचा, "थे एकीच्या मापाची हाय. येईन थे." त्याची दाढी पांढरी झाली, पण ती काही आली नाही. परवा त्याच्याच हाताचा धक्का लागून बांगडी खाली पडली. मी घाईनं म्हटलं, "वाढली, चाचा." 

तुकडे ओंजळीत घेत तो म्हणाला, "नाही बाई. हे फुटली."