नागपूरच्या बाईचा आवाज

रविवारी सकाळी माझी भाची रेवा नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घरी आली, ती माझ्या जुन्या कॅसेटींवर डोळा ठेवूनच. चहा घ्यायच्या आधीच म्हणाली, "मावशी, तुझ्या नोकरीतलं काही शिल्लक आहे का गं?"

ती सध्या रामटेकच्या पलीकडच्या जंगलातल्या शाळांमध्ये टॅबलेट नेऊन देते. तिकडे नेट नाही, म्हणून धडे आधीच भरून नेतात... पण पुस्तकी भाषेतला धडा सुरू झाला की मुलं नुसती बघत बसतात म्हणे. म्हणून तिला तिकडच्या बोलीतलं एखादं जुनं रेकॉर्डिंग हवं होतं.

असं रेकॉर्डिंग होतं... आणि ते मीच पुसलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या नागपूरच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसातून लाइट नसलेल्या गावांतल्या शाळांना सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणि आठ कॅसेटी मिळायच्या. त्या कॅसेटींवरचा आवाज माझा.

मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली, वक्तृत्वाच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. "सूर्याच्या उष्णतेने जलाशयातील पाण्याचे बाष्पीभवन होते..." हे वाक्य मी असं म्हणायची की साहेबही मान डोलवायचे. तेव्हा मला त्या आवाजाचा फार गर्व होता, आता खोटं कशाला बोलू?

दर उन्हाळ्यात शाळा कॅसेटी परत आणायच्या. धुळीने, उन्हाने आवाज बिघडायचा, म्हणून मी प्रत्येक कॅसेट ऐकून बघायची आणि मूळ टेपवरून तिच्यावर तोच धडा पुन्हा भरून द्यायची. दोन मशीन शेजारी शेजारी, धडा संपला की बटण बंद... एवढंच काम.

एका उन्हाळ्यात नेवारे गुरुजी आले. दोन एसट्या बदलून, कॅसेटी कापडी पिशवीत घालून. पायजमा-सदरा, डोक्याला उपरणं... मी दिलेलं पाणी ते उभ्यानेच प्यायले.

मी वरचीच, पाण्याच्या धड्याची आठव्या नंबरची कॅसेट लावली आणि कानात माझा आवाज येईना. गुरुजींचा आला. "पोट्टेहो, चुलीवर भात शिजून राहिला. माय झाकण उचलते. त्या झाकणाले थेंब काहून चिपकले?"

दुसरी लावली, तिच्यातही तेच. आठच्या आठ कॅसेटींवरून त्यांनी मला पुसून टाकलं होतं, आणि तेही मला न विचारता! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमचं बोलणं लय सुंदर आहे. पण आमच्या पोट्ट्याइले समजत नव्हतं. आता पटापट उत्तर देऊन राहिले. एवढ्या राहू द्या."

मी म्हटलं, ही प्रमाण भाषा नाही, आणि नियम म्हणजे नियम. साहेबांना एका शब्दाने विचारता आलं असतं. कदाचित ते हो म्हणालेही असते... म्हणूनच मी विचारलं नाही.

सगळी दुपार मी त्या कॅसेटींवर माझे धडे भरत बसले. गुरुजी समोरच्या बाकावर बसून होते. त्यांनी वाद घातला नाही, फक्त दर वेळी बटण दाबलं की ते खिडकीबाहेर बघायचे.

आठवी कॅसेट भरून झाल्यावर कुरकुर करायला लागली, म्हणून मी त्यांना तिच्याऐवजी नवी दिली. वर त्यांना बजावलंही, "आता नीट सांभाळा." त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलून निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या शाळेच्या कॅसेटी परत आल्या, त्या अगदी नव्यासारख्या करकरीत. आवाज जसाच्या तसा. मी खूश होऊन शेरा मारला... "उत्तम निगा."

त्या वर्षभर कुणी लावल्याच नव्हत्या, हे माझ्या टाळक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. तोवर गुरुजींची बदली झाली होती. पुढे ते गेल्याचंही कानावर आलं. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

हे सगळं रेवाला सांगितलं. तिने माझा जुना डबा उपसला आणि तळाशी ती कुरकुरणारी आठवी कॅसेट निघाली. "तिच्यात माझाच आवाज आहे गं, ठेव," असं मी म्हटलं, तरी तिने ती सोबत आणलेल्या प्लेअरमध्ये घातलीच.

वीस मिनिटं मी बोलले. जलाशय, बाष्पीभवन, संघनन... रेवा जांभई द्यायला लागली. माझा धडा संपला, एक खट्ट आवाज आला, आणि मग...

गुरुजी!

त्यांचा धडा माझ्यापेक्षा लांब होता, कारण शेवटी ते मुलांना प्रश्न विचारायचे. माझा धडा संपला तिथे मी बटण बंद केलं होतं आणि त्यापुढचं शेपूट तसंच राहिलं होतं.

"त झाकणाले थेंब काहून आले?" एक पोरगी ओरडली, "पानी वाफ होऊन वर गेलं, थंड झालं, अन् थेंब झाले, गुरुजी!" मागून सगळ्या वर्गाचा गलका.

गुरुजी हसले. "शाब्बास वं! हे आता नागपूरच्या बाईले ऐकवू. तुमाले समजलं म्हणून बाई खुश होतीन."

इतकंच. पुढे नुसती खरखर.

रेवाने ते शेपूट फोनवर उतरवून घेतलं. तिच्या टॅबलेटमध्ये आता ते पाण्याच्या धड्याच्या आधी लागेल. तिने सहज विचारलं, "मावशी, पण गुरुजींनी तुझं नाव घेतलंच नाही... त्यांना माहीत नव्हतं का?" मी तरी त्या दुपारी त्यांना कुठे विचारलं होतं, की पटापट उत्तरं देणारी ती पोरं कोण?

गुरुजी, बाईने ऐकलं हो. बाई खूश झाली... पण फार उशिरा झाली.