आबांचं नाटक आणि हॉलमधला डब्बा

फॅक्टरीच्या बसमध्ये एकानं किस्सा सांगितला की दुसऱ्याला लगेच आपला आठवतो, आणि जवाहरनगरचं गेट येईपर्यंत एकही पुरा होत नाही. यंदा मात्र अख्ख्या बसला माझ्या घरचेच किस्से पुरले. विषय एवढाच की टीव्हीला जोडलेला आमचा बारा वर्षांचा कम्प्युटर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा.

सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, सगळं त्याच्यावरच. पण बटण दाबल्यावर चित्र यायला इतका वेळ, की माझी बायको सुनीता बटण दाबूनच कुकर लावायची. एकदा पाहुण्यांनी विचारलं, "चालू झाला का?"

ती म्हणाली, "अजून एक शिट्टी बाकी आहे."

तिचं म्हणणं नवा घ्या. माझं म्हणणं, रॅम वाढवू. दोन वर्षं हेच चाललं.

*

दिवाळीत मामेभावानं एका जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून माझ्या वडिलांचं, आबांचं, नाटक ह्या कम्प्युटरमध्ये उतरवून दिलं. उतरवून झालं आणि कॅसेट यंत्रात गुंतून तुटली.

आमच्या सिहोऱ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या नाटकात, आबा सेनापती झाले होते. "लोकायनं वन्स मोर देल्ला होता," हे मी लहानपणापासून ऐकतोय. आईनं ते पाहिलंच नाही. तेव्हा ती माझ्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी होती. "तुह्या पायी माहं नाटक हुकलं," हेही मी लहानपणापासून ऐकतोय.

संक्रांतीला आई आबांना घेऊन खास नाटक पाहायला आली. बटण दाबलं. सहा शिट्ट्या झाल्या, भात करपला, टीव्ही काळाच.

सुनीता कधीची म्हणत होती, दुसरी कॉपी करून ठेवा. मी म्हणत होतो, उद्या. आई उठून करपलेला भात खरवडायला गेली, तेच मला जास्त लागलं.

आबा मात्र खुशीत. "भंगारात देऊन टाक. नवाच घे."

तुटक्या दोराला तीन गाठी मारून वापरणारा माणूस! तो म्हणतोय, नवा घे!

*

भंडाऱ्याच्या दुकानदारानं कम्प्युटरचा डब्बा न उघडताच निकाल दिला. "यात काही राम नाही राहिला, भाऊ."

"आतलं नाटक?"

"डिस्क गेली असन तं नाटकही गेलं. नव्यात पाह्यजे तेवढे नाटकं टाकून देतो ना."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यायच्यात तुहा बाप असन का?"

*

बसमधले शेंडेभाऊ फॅक्टरीत इलेक्ट्रिकलला. ते तापलेच. "असा कसा कंडेम करतोस बे? पहिले बोर्ड बसवा लागते." फॅक्टरीत वस्तू कंडेम करायची, म्हणजे भंगारात काढायची, तर आधी तीन जणांचं बोर्ड ती तपासतं.

रविवारी दोन जणांना घेऊन बोर्ड हजर. पोहे झाले, चहा झाला, तीन माणसांची चार मतं झाली. मधल्या वेळात बोर्डानं सुनीताचा मिक्सर, कोणी न विचारता, कंडेम केला.

मग झाकण उघडलं. शेंडेभाऊंनी पॉवर सप्लाय काढून हुंगला. "हा मेला. डिस्कले काही झालं नसन."

मागून आबा म्हणाले, "नीट पाहा, तेही खराबच असन."

नवा पॉवर सप्लाय बसवला, रॅम वाढवली, वर एक नवी वेगवान डिस्क, एसएसडी. पहिल्या शिट्टीच्या आत चालू! नाटकाची फाईल दिसली आणि मी मोठ्यानं आईला हाक मारली. इतकं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. शेंडेभाऊंनी तिथंच तीन पेनड्राइव्हवर कॉप्या करायला लावल्या. कागद तीन प्रतींत नसेल तर त्यांना झोप येत नाही.

*

सगळे टीव्हीसमोर बसलो. आबांना एकदम वावरातलं काम आठवलं. आईनं हात धरून त्यांना खाली बसवलं.

सेनापतींना तलवार लागली. ते जोरात पडले, मेले. पेटी वाजली, पडदा मिटायला निघाला आणि अर्ध्यातच अडकला. कोणी येईना. सेनापती थोडा वेळ मेलेलेच राहिले. मग उठले, पडद्याला दोन हिसके दिले, एक शिवी दिली. पडदा काही हलेना. तेव्हा ते परत आपल्या जागेवर गेले, मुकुट सारखा केला आणि पुन्हा मेले.

अख्खी मंडई ओरडली, "वन्स मोर!"

आबा छताकडे पाहत म्हणाले, "देल्ला होता का नाही?"

आईनं पदरानं डोळे पुसले. आबांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"वन्स मोर."