एकोणिसावा गडी

अजून किती वर्षं खेळणार, असं विरंबा गावात कुणी लीथ गॅड्सडनला विचारलं की त्याचं उत्तर तयार असायचं. "माझ्यापेक्षा चांगला कुणी सापडला की सांगा, लगेच थांबतो." एवढं बोलून तो इकडेतिकडे बघायचा आणि कुणी सापडत नाही म्हणून हात झटकायचा. वय एकेचाळीस, डाव्या गुडघ्याची दोनदा चिरफाड झालेली आणि उजव्या कानाचा एक तुकडा टॅरनडेलच्या मैदानावर राहून गेलेला. आठवडाभर शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरायचं, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव आणि शनिवारी तिथल्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना, हे त्याचं आयुष्य. संघातली पोरं त्याला आजोबा म्हणत. आजोबाच अजून सगळ्यांत जास्त गोल मारत होते, म्हणून त्यालाही त्या नावाचं वाईट वाटत नसे.

यंदा मात्र त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं की हा शेवटचा हंगाम. ऑगस्टमधला तो शनिवार म्हणजे घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना, समोर टॅरनडेल. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर बूट खुंटीला. बाद फेरी गाठली तरी ती खेळायची दुसऱ्या गावच्या मोठ्या मैदानावर, आणि तिथे गाड्या कुंपणाला लावू देत नाहीत. लीथचं घोडं नेमकं त्या गाड्यांपाशी अडलं होतं.

विरंबात सामना बघतात तो गाडीत बसून. मैदानाच्या कुंपणाला नाक लावून चारी बाजूंनी गाड्या उभ्या राहतात आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. त्या जागेवर दुसऱ्याने गाडी लावली तर पुढची दोन वर्षं त्याच्याशी कुणी बोलत नाही. आपल्या माणसाने गोल मारला, म्हणजे मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला, की सहा गुण मिळतात आणि सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात. चेंडू बाजूच्या छोट्या खांबाकडून गेला तर एकच गुण. त्याला हॉर्न वाजवायची पद्धत नाही.

लीथच्या बापाचा, क्लेमचा, पांढरा पिकअप डावीकडच्या खांबांमागे निलगिरीखाली उभा असे. पुढच्या सीटवर चहाचा थर्मास, शेजारी घोंगडी आणि घोंगडीवर कुत्री. क्लेम गावातल्या झाडून सगळ्यांसाठी हॉर्न वाजवायचा. नवख्या पोरांसाठी वाजवायचा, ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्या खाटकाच्या जावयासाठीही वाजवायचा. पोटच्या पोरासाठी मात्र तीस वर्षांत एकदाही नाही. लीथ बारा वर्षांचा असताना त्याने इथेच एक गोल मारला होता. हॉर्न वाजल्यावर स्वारी खूश होऊन गाड्यांकडे वळून वाकून नमस्कार करत बसली, तेवढ्यात चेंडू मागून निघून गेला आणि सामना हातचा गेला. "हॉर्न वाजला की याच्या डोक्यात हवा जाते," असं म्हणून म्हाताऱ्याने तेव्हापासून हात आवरता घेतला होता. लीथने पुढे किती गोल मारले त्याला सुमार नाही. प्रत्येक वेळी सगळं मैदान दणाणायचं, आणि लीथचे कान मात्र त्या निलगिरीखालच्या गप्प गाडीकडे लागलेले असायचे.

त्या सकाळी गुडघ्याला पट्टी बांधताना तो बायकोला, जनेलला म्हणाला, "आज म्हाताऱ्याला हॉर्न वाजवायला लावतो की नाही बघ."

"वाजवतील. तू कुंपणाजवळ चक्कर येऊन पडलास तर रुग्णवाहिकेला रस्ता मिळावा म्हणून वाजवतील," जनेल म्हणाली.

टॉड क्विल्टी हा संघाचा प्रशिक्षक, लीथपेक्षा दहा वर्षांनी लहान. चेंडू पायावर कसा सोडायचा हे त्याला लीथनेच शिकवलेलं. चारांपैकी तीन सत्रं संपून खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत घोळक्याने उभे होते तेव्हा त्याने लीथला बाजूला घेतलं.

"आजोबा, तू आता जरा बस. शेवटची पाच मिनिटं तुझी. आपण निलगिरीकडच्या खांबांमध्येच मारणार आहोत, शेवटची लाथ तुझीच असेल."

"बसायचं असतं तर मी सिनेमाला गेलो असतो, टॉड."

"बस म्हटलं ना."

लीथ बसला. बसला म्हणजे बाकड्याच्या कडेला टेकला, आणि तिथूनच पंचाला, स्वतःच्या पोरांना आणि अधूनमधून देवालाही सूचना देऊ लागला. खेळ चालू असतानाही गडी बदलता येतो, पण त्यासाठी मैदानाच्या मध्यावर चुन्याने आखलेली एक जागा असते, तिला सगळे फाटक म्हणतात. आतला तिथून बाहेर आला की मगच बाहेरच्याने आत जायचं. फाटक सोडून दुसरीकडून कुणी मैदानाबाहेर पडला, तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला.

टॅरनडेल तीन गुणांनी पुढे होतं आणि वेळ सरत चालली होती, तेवढ्यात लाल केसांच्या नेथन प्राउसच्या पोटरीत गोळा आला. पाय ओढत तो फाटकाकडे निघाला. लीथला तेवढंच पुरे होतं. टॉडचा हात वर व्हायच्या आत तो उठला आणि मैदानात धावत सुटला. प्राउस फाटकाशी पोचलाय की नाही हे त्याने वळून पाहिलंच नाही. आपण आत आलो त्या अर्थी कुणीतरी बाहेर गेलंच असणार, एवढा त्याचा स्वतःवर विश्वास होता.

खांबांसमोर त्याच्या नेहमीच्या जागेवर टॅरनडेलचा कर्णधार ग्रँट टॉलिडे त्याची वाटच बघत होता. हे दोघे पंधरा वर्षं एकमेकांच्या बरगड्या मोडत आलेले. कानाचा तुकडाही त्याच्याच खात्यावर.

"आलास? मला वाटलं पेन्शनच्या रांगेत असशील," ग्रँट म्हणाला.

"रांग मोठी होती. म्हटलं तोवर तुला एक गोल दाखवून यावं."

चेंडू पलीकडे रेषेबाहेर गेला. पंच तो आत फेकायच्या तयारीला लागला आणि दोन्हीकडचे गडी तिथे गोळा झाले. त्या गर्दीत लीथला लाल केस दिसले. प्राउस! बाहेर जाता जाता चेंडू त्याच्याच पुढ्यात उसळला असणार, आणि गोळा विसरून बेटा परत पळाला असणार. लीथने घाईघाईने आपली डोकी मोजली. त्याला धरून एकोणीस.

एक जास्त. मैदानात एका संघाचे गडी अठराच. समोरच्या कर्णधाराने मोजणी मागितली आणि एकोणिसावा सापडला, तर तोपर्यंत कमावलेले सगळे गुण पुसले जातात. सगळ्या पोरांचा सगळ्या दुपारचा घाम, पाटीवर शून्य. त्याने बाजूला पाहिलं. ग्रँटचे ओठ हलत होते आणि बोट हळूहळू एकेका विरंबाकराकडे सरकत होतं. कुणीतरी धावलं, ग्रँटचा हिशोब चुकला, त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग त्याचं बोट थांबलं. तो लीथकडे वळूनही न बघता पंचाच्या दिशेने चालू लागला.

फाटक लांब होतं. प्राउसला हाक मारावी तर तोही लांब, आणि हाक सगळ्या मैदानाने ऐकली असती. जवळ होतं ते फक्त कुंपण, आणि कुंपणापलीकडे निलगिरीखालचा पांढरा पिकअप. ते कुंपण ओलांडलं की गोल गेला, शेवटची लाथ गेली, हॉर्न गेला. लीथने आयुष्यात स्वतःच्या पायांनी मैदान कधी सोडलं नव्हतं, दोनदा तर त्याला झोळीतून न्यावं लागलं होतं. त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि मागे वळून पळाला. रेषा ओलांडली, कुंपणावर हात टेकला, गुडघा करकरला, आणि एकेचाळीस वर्षांचा गडी धपकन पिकअपच्या चाकाशी पडला.

क्लेमने दार उघडलं.

"काय रे? भूक लागली?"

"बाबा, सरक. कुत्रीला मागे घाल. आम्ही एकोणीस होतो."

म्हाताऱ्याने कुत्रीला मागे ढकललं, घोंगडी पोराच्या खांद्यावर टाकली आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला. थोडा चहा घोंगडीवर सांडला.

तिकडे शिट्टी वाजली, खेळ थांबला. दोन्ही संघ ओळीने उभे राहिले आणि पंच बोटाने मोजू लागला. विरंबाच्या रांगेच्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा मोजलं. अठरा.

"तो होता!" ग्रँट ओरडला. "म्हातारा इथेच उभा होता, माझ्याशी बोलत होता! तो बघा, त्या गाडीत चहा पितोय!"

"गाडीतले मोजायचे नसतात," पंच म्हणाला. मोजणी मागितली आणि गडी बरोबर निघाले, तर दंड मागणाऱ्याला. पंचाने चेंडू जवळच उभ्या असलेल्या विरंबाच्या गड्याच्या हातात दिला आणि त्याला पार पुढे, थेट खांबांसमोर आणून उभं केलं. तो गडी नेमका प्राउस निघाला.

लीथ काचेतून बघत होता. ती त्याची जागा होती. तिथून त्याने डोळे मिटूनही मारला असता. पोराचा तो गोळा आलेला पाय बघून त्याचा जीव खालीवर होत होता, आणि तो पाय आपला नाही म्हणून हेवाही वाटत होता, अगदी खरं सांगायचं तर. "टाच खाली ठेव," तो पुटपुटला. "घाई करू नको, गाढवा."

प्राउसने घाई केली नाही. चेंडू मधून गेला. पांढऱ्या कोटातल्या खांबपंचाने दोन्ही झेंडे हलवले, सगळ्या गाड्या एकदम बोंबलू लागल्या, आणि क्लेमनेही प्राउससाठी हॉर्नवर तळहात दाबून धरला. लीथ त्या हाताकडे बघत राहिला. थोड्याच वेळात सामना संपल्याचा भोंगा झाला. विरंबा तीन गुणांनी जिंकलं.

टॉड कुंपणापाशी आला तो लालबुंद होऊन. "मी सांगितलं होतं का उठायला?"

"नाही. चूक माझी. सगळी माझी," लीथ म्हणाला. "पोरांसमोरही सांगतो, चल."

टॉडला आणखी बरंच बोलायचं होतं. मग त्याने लीथच्या गुडघ्याकडे पाहिलं, ज्या उंच कुंपणावरून तो आला होता त्याकडे पाहिलं, आणि नुसताच म्हणाला, "मंगळवारी सरावाला वेळेवर ये."

मैदान ओलांडून क्लबाच्या खोलीकडे जाताना ग्रँट आडवा आला. टॅरनडेलचा हंगाम संपला होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"खरं सांग, होतास ना?"

"होतो," लीथ म्हणाला. "एकोणिसावा मीच. पण तू दोनदा मोजत बसलास रे, ग्रँट."

"तू, आणि आपण होऊन बाहेर गेलास? हे मी घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही." ग्रँटने लीथच्या उरलेल्या कानाला एक टिचकी मारली आणि तो आपल्या गाडीकडे निघून गेला.

बाकीच्या गाड्याही एकेक करून निघाल्या होत्या. कुंपणापलीकडची मोहरीची पिवळी शेतं मावळत्या उन्हात मंद झाली होती, आणि लीथ लंगडत मैदानाच्या मध्यापर्यंत आला होता. खोलीतून पोरांचं गाणं ऐकू येत होतं, आजोबा कुठे राहिले म्हणून कुणीतरी हाका मारत होतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

लीथ थांबला. मैदानावर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. खांब मोकळे होते, चेंडू केव्हाच आत नेला होता. निलगिरीखाली एकटा पांढरा पिकअप उभा होता आणि हॉर्न वाजतच होता, कुत्री भुंकायला लागली तरी वाजत होता.

लीथने त्या दिशेला तोंड केलं आणि भर मैदानात, दुखऱ्या गुडघ्यानिशी, कमरेत वाकून नमस्कार केला.